खाडीतला खुंट, हृदयातली तार

मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब रुग्णांना पेसमेकर बसवले गेले. यंत्रं उत्तम चालत होती, पण ती नवी नव्हती. त्याआधी ती अमेरिकेत कुणाकुणाच्या छातीत होती आणि ती माणसं वारली होती. तिथल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांकडून ती मिळाली, डॉ. डॅनियल मॅस्करेन्हस यांनी ती गोळा केली, बॅटरी किती शिल्लक आहे ते तपासलं गेलं, यंत्रं स्वच्छ आणि निर्जंतुक केली गेली आणि सातासमुद्रापलीकडे दुसऱ्याच माणसांच्या कातडीखाली जाऊन पुन्हा टिकटिकू लागली. मिळालेल्या १२१ यंत्रांतून ही ५३ निवडली होती. डॉ. भरत कंथारिया, डॉ. गौरव कुलकर्णी, डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा पाठपुरावा करून २०१२ साली निष्कर्ष छापले. यंत्रामुळे जंतुसंसर्ग झालेले रुग्ण किती असतील? एकही नाही!

त्याच वर्षी मुंबईतल्या आणखी ८१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांना वापरलेले डिफिब्रिलेटर बसवले होते. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की आतल्या आत झटका देऊन ती ताळ्यावर आणणारं हे यंत्र. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत या जुन्या यंत्रांनी ऐन वेळी आपलं काम केलं. आणि संसर्ग? इथेही शून्य.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. कारखान्यातून सीलबंद आलेला कोरा पेसमेकर, मोठं हॉस्पिटल, निष्णात हात, उकळत्या उन्हाळ्यातही थंडगार ठेवलेली शस्त्रक्रियेची खोली. तरीही शंभरातल्या एखाद-दोघांना पुढे संसर्ग होतोच. कधी तो यंत्राभोवतीच्या मांसापुरता राहतो, कधी तारेच्या वाटेने थेट हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो आणि जिवावर बेततो.

मेलेल्या माणसाच्या छातीतून काढलेलं यंत्र निर्धोक आणि नवंकोरं यंत्र बाधतं, असं कसं? जंतू यंत्राबरोबर येत नसतील, तर ते येतात कुठून?

बहुतेक वेळा ते रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे असतात. हे कोडं एकदा सुटायला लागलं की सजीव सृष्टीतली एक अफाट कारागिरी समोर येते. आणि डहाणू-तलासरीतल्या एखाद्या पाड्यावर छातीत मशीन घेऊन राहणाऱ्या माणसाला वारंवार ताप का येतो, याचाही उलगडा होतो.

आधी हे मशीन काय आहे ते बघू. हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा धडधडतं. प्रत्येक ठोक्यामागे हृदयातच तयार झालेली विजेची एक बारीक लहर असते. ही लहर वाटेत अडली की ठोके मंदावतात, माणूस चक्कर येऊन पडतो. पेसमेकर ती लहर बाहेरून पुरवतो. डाव्या किंवा उजव्या बाजूच्या हासळीच्या हाडाखाली कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये एक छोटी पोकळी करतात. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात, आपण खिसा म्हणू. त्या खिशात टायटेनियमची चपटी डबी बसते. तिच्यातून निघालेली तार शिरेत शिरते, शिरेतून मोठ्या महाशिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, मग तीन पाकळ्यांच्या झडपेतून खालच्या कप्प्यात, आणि तिचं टोक हृदयाच्या भिंतीला टेकतं. ही तार हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर लवते. वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा! आणि तरीही ती वर्षानुवर्षं तुटत नाही.

असं पहिलं संपूर्ण यंत्र माणसाच्या शरीरात गेलं ते ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये. रुग्णाचं नाव आर्ने लार्सन, वय ४३. त्यांना दिवसातून वीस-तीस वेळा झटके येत आणि प्रत्येक झटक्यात प्राण जातो की काय अशी अवस्था होई. त्यांची पत्नी एल्से-मारी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागली. यंत्र तयार नाही, असं सांगितल्यावर तिने तयार करायला लावलं. एल्मक्विस्टने बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात सुटे भाग रेझिनमध्ये ओतले. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण लार्सन जगले. पुढच्या आयुष्यात त्यांना एकामागून एक अशी २६ यंत्रं बसली, आणि २००१ साली वयाच्या ८६व्या वर्षी ते गेले तेव्हा सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघंही त्यांच्या आधी गेलेले होते.

पण हे यंत्र शरीराच्या आत घालायची एवढी धडपड कशासाठी? त्या काळात पेसमेकर बाहेर असत आणि तारा कातडी भेदून आत जात. त्या तारांच्या कडेने जंतू आत सरकत. सेनिंगला ही वाट बंद करायची होती. म्हणजे यंत्र पूर्णपणे कातडीखाली नेण्यामागचं एक मोठं कारण जंतूंचा मार्ग अडवणं हेच होतं. वाट अडली, जंतू फार कमी झाले, पण संपले नाहीत.

का नाही संपले?

कारण बहुतेक जंतू बाहेरून येतच नाहीत. तुमच्या-माझ्या कातडीवर या क्षणी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचे गोल गोल जीवाणू सुखाने नांदत आहेत. ते आपलं काही बिघडवत नाहीत, उलट दुष्ट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी कातडी औषधाने पुसली की वरचे मरतात. पण केसांच्या मुळाशी, तेलग्रंथींच्या तळाशी बसलेले उरतात. सुरी कातडीतून जाताना त्यातले मूठभर जखमेत उतरले, तर ते टाळणं कुणाच्याच हातात नसतं. त्यांचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जास्त आक्रमक. पेसमेकरच्या संसर्गातले बहुसंख्य या दोघांच्या घराण्यातले असतात. आणि म्हणूनच यंत्र दुसऱ्यांदा वापरलेलं आहे की पहिल्यांदा, याने फारसा फरक पडत नाही. मॉन्ट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पुन्हा वापरलेली यंत्रं लावलेल्या १,०५१ जणांची तुलना नवी यंत्रं लावलेल्या ३,१५३ जणांशी केली गेली. दोन वर्षांत संसर्ग झाला तो अनुक्रमे २ टक्के आणि १.२ टक्के लोकांना. रुग्णांमधले बाकीचे फरक हिशेबात धरल्यावर हे अंतर निर्णायक ठरलं नाही. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तरी एक प्रश्न उरतोच. भाजी चिरताना बोट कापतं, काटा रुततो, गुडघा फुटतो. दर वेळी हे जंतू आत जातात आणि शरीर त्यांचा चट्टामट्टा करतं. मग यंत्राशेजारी पडलेले मूठभर जंतू का सुटतात?

याचं उत्तर १९५७ सालच्या एका धाडसी प्रयोगात आहे. लंडनमध्ये स्टीफन एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीत मोजून जंतू टोचले. नुसते टोचले तर पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागत. मग त्यांनी तिथे रेशमाचा एक टाका घातला. आता किती लागले असतील? काही शेच! एक साधा धागा, त्याने स्वतः काही केलं नाही, तो फक्त तिथे होता. तेवढ्याने जंतूंची ताकद हजारो पटींनी वाढली.

आता रेशमाच्या धाग्याच्या जागी हातभर लांबीची तार आणि धातूची डबी ठेवा.

शरीराबाहेरची वस्तू काय जादू करते, ते पुढच्या काळात स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी गिनीपिगवर दाखवलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळून मारतात. पण गिळायला गेलेली गोष्ट पेशीपेक्षा लाखो पटींनी मोठी असेल तर? पेशी तिला चिकटते, पसरते, पोटातली मारक रसायनं तिच्यावर ओतून टाकते. टायटेनियमला त्याचं काय! पेशी मात्र रिकामी होते. मग खरा जंतू शेजारी येऊन बसला तरी तिच्यात त्याला मारायचं बळ उरत नाही. शरीराचे रक्षक एका निर्जीव वस्तूशी लढून थकतात आणि सजीव शत्रू त्यांच्या डोळ्यांदेखत घर बांधतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचेना.

आणि ते घर! खरी कारागिरी तिथे आहे.

डहाणूच्या खाडीत भरतीच्या पाण्यात एक कोरा लाकडी खुंट रोवा. पहिल्याच दिवशी पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा एक न दिसणारा थर त्याच्यावर बसतो. मग जीवाणू येतात आणि खुंट बुळबुळीत होतो. त्या बुळबुळीवर सूक्ष्म शेवाळं धरतं, त्याच्यावर आणखी काही, आणि काही महिन्यांनी ओहोटीला बघावं तर कालवं आणि शिंपल्यांनी लाकूड झाकून गेलेलं. मोकळ्या पाण्यात ही सगळी मंडळी कुठे होती? होतीच, पण विखुरलेली, वाहून जाणारी. त्यांना हवा होता फक्त टेकायला एक स्थिर पृष्ठभाग.

रक्तात सोडलेल्या तारेचं अगदी असंच होतं. आत गेल्यागेल्या, अक्षरशः काही क्षणांत, रक्तातली फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं तिच्यावर थर धरतात. म्हणजे तार आता धातू किंवा सिलिकॉन राहतच नाही, ती वरून प्रथिनांची होते. आणि स्टॅफिलोकॉकसच्या अंगावर याच प्रथिनांना पकडणाऱ्या आकड्या असतात! लाखो वर्षं सस्तन प्राण्यांच्या जखमांवर जगताना त्याने त्या घडवल्या आहेत. शरीरात बसणारा पेसमेकर आला १९५८ साली, पण त्याला पकडायची हत्यारं जंतूकडे आधीपासूनच तयार होती.

चिकटल्यावर जंतूचा स्वभाव बदलतो. तो विभागतो, एकाचे दोन, दोनाचे चार, थरावर थर. आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट चीक स्रवतो. त्यात प्रथिनं मिसळतात, मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा बांधकामाला वापरला जातो. त्या चिकात पाणी खेळवणाऱ्या वाटा असतात. जंतू एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. गर्दी किती झाली हे त्यांना त्या निरोपांच्या दाटीवरून कळतं, आणि पुरेशी गर्दी झाली की सगळे मिळून वागणूक बदलतात. एकपेशी जीव, ज्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाही, तो शिरगणती करतो! या सगळ्या बांधकामाला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. नदीतल्या दगडावरची बुळबुळ बायोफिल्म, सकाळी दातांवर जाणवणारा थर बायोफिल्म. ही कला किती जुनी? ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा भागात जीवाणूंच्या अशाच थरांनी घडवलेले खडक सापडले आहेत, वय सुमारे ३५० कोटी वर्षं.

गंमत म्हणजे, हा सगळा प्रकार माणसाच्या आजारात महत्त्वाचा आहे हे पटवण्यात एका पेसमेकरच्या तारेचा मोठा वाटा आहे. कॅनडाचे बिल कॉस्टर्टन डोंगरातल्या ओढ्यांमधल्या दगडांवरच्या जीवाणूंचा अभ्यास करत होते. थंडगार, स्वच्छ ओढा, वाहत्या पाण्यात जंतू जवळजवळ नाहीत, आणि दगडांवर मात्र चिकट थरात त्यांची दाटी. डॉक्टर थॉमस मॅरी यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याच्या रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडत होता, भरपूर अँटिबायोटिक देऊनही संसर्ग परतत होता. शेवटी पेसमेकरची तार काढली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. १९८२ साली मॅरी आणि कॉस्टर्टन यांनी ती छायाचित्रं प्रसिद्ध केली. तारेवर चिकात गाडलेल्या जंतूंचे थर होते. डोंगरातल्या ओढ्यात जे दिसलं, तेच माणसाच्या हृदयात!

मग अँटिबायोटिक का हरलं? याला एकच कारण नाही. चिकाचा थर औषधाला अडवतो, पण तेवढ्याने भागलं नसतं. अनेक औषधं वाढणाऱ्या जंतूलाच मारतात. त्याची भिंत बांधायचं काम चालू असतं तेव्हा ती भिंत फोडतात. बायोफिल्मच्या खोल थरात अन्न आणि प्राणवायू कमी असतो, तिथले जंतू वाढायचंच थांबवतात. भिंत बांधणंच बंद, तर औषध फोडणार काय? डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी १९४४ सालीच, पेनिसिलिन नवं नवं असताना, हे हेरलं होतं. पेनिसिलिनने जवळजवळ सगळे जंतू मरत, पण चिमूटभर सुटत. ते औषधाला सरावलेले नव्हते, त्यांची पिल्लं पुन्हा पेनिसिलिनने मरत. ते फक्त त्या वेळी निपचित पडलेले होते. मोकळ्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, कधी हजार पट औषधही बायोफिल्ममधल्या जंतूला पुरत नाही. एवढं औषध माणसाला देता येत नाही, माणूसच दगावेल.

आता तलासरीला या.

पावसाळ्याचे दिवस आहेत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजून ताप आला. या पट्ट्यात तापाला कारणं भरपूर. मलेरिया, टायफॉइड, डेंगी. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. दोन-तीन आठवड्यांनी ताप परत. पुन्हा गोळ्या, पुन्हा उतार. दरम्यान रक्त तपासलं तर त्यात जंतू सापडत नाहीत, कारण गोळ्या नुकत्याच घेतलेल्या. खोकला सुरू झाला म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तर फुप्फुसात ठिपके. न्यूमोनिया असेल, टीबी असेल.

या माणसाच्या छातीत चार वर्षांपूर्वी मशीन बसवलंय, हे कुणाला आठवलं का?

काय घडतंय ते आता तुम्हीच सांगू शकाल. तारेवर बायोफिल्म आहे. तिच्यातून अधूनमधून जंतूंचे पुंजके सुटतात आणि रक्तात येतात. ताप त्यांचा. गोळ्या या सुट्या जंतूंना मारतात, ताप उतरतो, तारेवरचा मूळ गोतावळा जागच्या जागी. तार हृदयाच्या उजव्या बाजूला असते आणि उजवी बाजू रक्त पाठवते फुप्फुसांकडे, म्हणून सुटलेले पुंजके तिथे अडकतात आणि एक्स-रेवर ठिपके दिसतात. सगळी लक्षणं खरी, सगळी औषधं आपापल्या जागी बरोबर, आणि आजार मात्र कुणाच्याच लक्षात आलेला नाही. एपिडर्मिडिससारखा मवाळ जंतू तर यंत्र बसवल्यावर वर्षभरानंतरही डोकं वर काढू शकतो. इतक्या दिवसांनी यंत्राचा संशय येणार कुणाला?

मशीन बसवायला या भागातले पुष्कळ जण मुंबई गाठतात, नाहीतर गुजरातच्या सीमेपलीकडे वापी, वलसाड, सुरत. डहाणू रोडहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटर. बसवणारा डॉक्टर तिथे राहतो, रुग्ण घरी येतो, आणि तापाशी पहिली गाठ पडते ती गावातल्या दवाखान्याची किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयाची, डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाची. म्हणून मला वाटतं, ही माहिती हृदयरोगतज्ज्ञाइतकीच तापाचा रुग्ण सर्वांत आधी बघणाऱ्याला आणि रुग्णाच्या घरच्यांना हवी. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या वयस्कर रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत, संसर्ग झाल्याचं निदान होऊनही महिन्याभरात यंत्र काढलं गेलं ते पाचातल्या एकाहून कमी जणांचं. ज्यांचं लवकर काढलं, ते जास्त जगले.

हो, काढणं हाच उपाय. अँटिबायोटिक लागतंच, पण ते एकटं पुरत नाही. खिशावर संसर्ग असो की तारेवर, डबीसकट सगळ्या तारा बाहेर काढायच्या. नुसती डबी काढून तार आत ठेवली, तर जंतूंचा निवारा तसाच राहिला.

पण काढायची कशी? चार-पाच वर्षं आत राहिलेली तार शरीराने आपल्यात सामावून घेतलेली असते. शिरेच्या भिंतीशी, झडपेशी, हृदयाच्या मांसाशी ती तंतूंच्या आवरणाने घट्ट बांधली जाते, कधी त्या आवरणात चुनाही साठतो. ओढली तर शीर फाटेल, हृदयाला भोक पडेल. पूर्वी डॉक्टर काय करत, माहीत आहे? तारेच्या बाहेरच्या टोकाला दोरी बांधून, कप्पीवरून वजन टांगून ठेवत. रुग्ण पलंगावर पडून, आणि ते वजन तासन् तास, कधी दिवसचे दिवस, हृदयातली तार हळूहळू ओढत राही! आज तारेवरून एक पोकळ नळी सरकवत नेतात. तिच्या टोकाला अतिनील लेसर असतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतक्या खोलीचीच ऊती विरघळवतो, त्यापलीकडे त्याची धग पोचत नाही. तसाच पुढे पुढे जात तो तार शिरेपासून सुटी करतो. काही ठिकाणी लेसरऐवजी फिरत्या धारेच्या नळ्या वापरतात. धडधडत्या हृदयातून, केसाएवढ्या अंतराच्या हिशेबाने! हे करणारे हात भारतात मोजक्या केंद्रांत आहेत, आणि शेजारी हृदयाची शस्त्रक्रिया करणारं पथक तयार ठेवावं लागतं.

यंत्र काढल्यावर काही आठवडे शिरेतून औषध. रक्त स्वच्छ झाल्याची खात्री पटली की दुसऱ्या बाजूला नवं यंत्र. मधल्या काळात गरज असेल तर तात्पुरता पेसमेकर. आणि काही रुग्णांची तपासणी केल्यावर कळतं की त्यांना आता यंत्राची गरजच उरलेली नाही.

संसर्ग होऊच नये यासाठी काय करता येतं? इथे साध्या गोष्टींनी मोठा फरक पाडलाय. ब्राझीलमध्ये ६४९ रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना शस्त्रक्रियेच्या आधी अँटिबायोटिकचा एक डोस, अर्ध्यांना नाही. डोस मिळालेल्यांत संसर्ग ०.६३ टक्के, न मिळालेल्यांत ३.२८. फरक इतका उघड की चाचणी मध्येच थांबवावी लागली, उरलेल्यांना डोस न देणं अन्याय झाला असता. एक डोस, पण जंतू तारेला चिकटण्याच्या आधी. चिकटल्यानंतर हेच औषध आठवडेच्या आठवडे देऊनही पुरत नाही. वेळेचं महत्त्व याहून स्पष्ट कसं दिसेल?

बॅटरी बदलण्याची वेळ जास्त धोक्याची, हेही लक्षात ठेवण्यासारखं. पेसमेकरची बॅटरी सुटी बदलता येत नाही, सगळी डबीच बदलतात आणि जुन्या तारांना नवी डबी जोडतात. त्यासाठी जुना खिसा पुन्हा उघडावा लागतो. त्याच्या भिंतींना आता वण धरलेला असतो, रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे पांढऱ्या पेशी आणि औषध दोन्ही तिथे कमी पोचतात. खिशात रक्त साकळलं तर धोका आणखी वाढतो. अशा जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी आता डबीवर घालायची एक जाळीदार पिशवी मिळते. तिच्यातून दोन अँटिबायोटिकं हळूहळू झिरपतात आणि नऊ आठवड्यांच्या आसपास पिशवी स्वतःच विरघळून जाते. जवळजवळ ७,००० रुग्णांवरच्या चाचणीत तिने गंभीर संसर्ग ४० टक्क्यांनी कमी केला. २०१९ साली हे निष्कर्ष आले.

आणि सर्वांत धीट कल्पना? तारच नको, खिसाच नको! २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला मायक्रा हा पेसमेकर एखाद्या औषधी कॅप्सूलएवढा आहे, वजन दोन ग्रॅमच्या आत. मांडीच्या शिरेतून नळीने तो हृदयात नेतात आणि बारीक आकड्यांनी आतल्या भिंतीला अडकवतात. जंतूंना टेकायला पृष्ठभाग अगदी थोडा, कातडीखाली खिसा नाही, आणि काही काळाने शरीर त्याच्यावर आपलंच आवरण चढवतं. त्याचा संसर्ग फार क्वचित होतो. तो महाग आहे आणि प्रत्येक रुग्णाला चालत नाही, पण आर्ने लार्सनच्या पॉलिशच्या डबीपासून इथवर यायला साठच वर्षं लागली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमुळे पेसमेकर आता पैसेवाल्यांपुरता राहिलेला नाही. तो पाड्यापाड्यावर पोचेल, पोचायलाच हवा. त्याच्याबरोबर पुढच्या चार गोष्टीही पोचल्या पाहिजेत.

तुमच्या घरात कुणाला मशीन बसवलेलं असेल, तर त्याचं कार्ड जपून ठेवा आणि कुठल्याही आजारात, कुठल्याही डॉक्टरांना, त्यांनी विचारलं नाही तरी दाखवा. मशीनच्या जागी लाली, सूज, दुखणं दिसलं, कातडी पातळ झाली, पाणी येऊ लागलं, किंवा डबीची कड बाहेर डोकावली, तर ताप नसला तरी तो संसर्गच धरा. तिथे शेक, लेप, पाला काही लावू नका आणि कुणालाही सुई घालून पाणी काढू देऊ नका. सुईबरोबर नवे जंतू आत जातात. जिथे मशीन बसवलं तिथे त्याच आठवड्यात जा.

आणि डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारच्या डॉक्टरांना एक विनंती. मशीनवाल्या रुग्णाला कारण न सापडणारा किंवा परत परत येणारा ताप असेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी ब्लड कल्चरचे किमान दोन, जमल्यास तीन नमुने घ्या. तुमच्याकडे सोय नसेल तर रुग्णाला सोय असलेल्या ठिकाणी आधी पाठवा. रुग्णाची प्रकृती ढासळत असेल तर गोष्ट वेगळी, तरी औषधाआधी रक्त काढायला दहा मिनिटंच लागतात.